सोळा व्हॉल्व्ह आणि साळवे मॅडम

गाडी जुनी झाली की तिचे पार्ट मिळेनासे होतात आणि किस्से मात्र ढिगानं साठतात. आमच्या तिघांकडं एकच मॉडेल आहे. दिसायला लहानखुरी, पण बॉनेटखाली सोळाशे सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. कंपनीनं ती बनवायची कधीच बंद केली. आम्ही चालवायची बंद केली नाही, एवढाच काय तो फरक!

आम्ही तिघं म्हणजे शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करणारा मी, शेती सांभाळणारे काकडे पाटील आणि गणिताच्या निवृत्त शिक्षिका साळवे मॅडम. तिन्ही गाड्यांचा डॉक्टर एकच, पडेगावचा रफिकभाई. दर रविवारी सकाळी त्याच्या गॅरेजवर आमची बैठक असते. त्यासाठी गाडीला काही झालेलंच असलं पाहिजे, असं नाही.

*

पाटलांची गाडी तापायला लागली. रफिकभाईनं रेडिएटर उघडला तर आत पांढरा थर. नळ्या जवळजवळ बुजलेल्या.

"पाटील, कूलंट कोणतं टाकता?"

"कूलंट कशाला? आपल्या विहिरीचं टाकतो. लई गोड पाणी हाय!"

रफिकभाईनं रेडिएटर उलटा करून त्यांच्यापुढं धरला. "म्हणूनच शुगर झाली याला!"

त्यानंतर पाटील कूलंट टाकतात. पण टाकताना चेहरा असा करतात, जणू विहिरीचा अपमान होतोय.

*

याच पाटलांनी एकदा एअर फिल्टरचा मूळ डबा काढून त्या जागी चकचकीत उघडा फिल्टर बसवला. गाडी अशी गुरगुरायला लागली, की पडेगावची कुत्री रस्ता सोडू लागली!

"भाई, पिकअप वाढला का नाय?"

रफिकभाई एक फेरी मारून आला. "आवाजाचा वाढला." मग समजावून सांगितलं, की उघडा फिल्टर इंजिनच्याच उष्ण हवेत श्वास घेतो. मूळ डबा बाहेरची थंड हवा आणतो. कंपनीवाले काही खुळे नव्हते.

पाटलांनी डबा परत बसवला. चकचकीत फिल्टर आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांना ते बक्षीस मिळाल्याचं सांगतात.

*

मॅडमची शिस्त वेगळी. थंड इंजिन कुणी रेस केलं की त्यांना खपत नाही. एका सकाळी पाटलांनी चावी फिरवली आणि लगेच ॲक्सिलरेटर दाबला. मॅडम हातातला कप ठेवून उठल्या आणि काचेवर टकटक केली.

"पाटील, तेल अजून नीट पोचलं नाही. बाई वर्गात येण्याआधी दंगा करायचा नाही!"

पाटलांनी पाय काढला. वर "सॉरी मॅडम" म्हणाले. साठीच्या माणसाला मी असं सॉरी म्हणताना पहिल्यांदाच पाहिलं.

*

हा किस्सा माझ्या आईचा. या इंजिनात टायमिंग बेल्ट जपावा लागतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. म्हणून वेळेवर बदलायचाच. रफिकभाईनं माझ्या गाडीचा बेल्ट काढायच्या आधी पुलीवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले, नवा बेल्ट त्याच जागी यावा म्हणून. बेल्ट काढला, आणि मध्ये खंडेनवमी आली.

सकाळी आई ताट घेऊन गॅरेजवर. पान्यांची पूजा झाली, जॅकची झाली, आणि उघड्या इंजिनात जे जे गोल दिसलं त्याला तिनं भक्तिभावानं ओलं कुंकू लावलं.

रफिकभाई आला. वाकून बघत राहिला. "अम्मा, ये क्या किये! आता याच्यात माझं कोणतं अन् तुमचं कोणतं?"

आई शांत. "तुझं पूस रं बाबा. माझं नको पुसू."

शेवटी पहिला पिस्टन वर आणून, कॅमशाफ्ट लॉक करून त्यानं टायमिंग पहिल्यापासून लावलं. कुंकवाला हात लावला नाही. माझी गाडी आजही एका सेल्फला उठते, आणि त्याचं श्रेय दोघंही घेतात!

*

आता मुद्द्याचं. मॅडमचा मुलगा निखिल पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, ही विक. ऑटोमॅटिक घेऊन देतो. रस्त्यात कुठं बंद पडली तर मी तिथून काय करू?" मॅडम म्हणाल्या, "गिअर मी बदलते. तुझा हात दुखतो का?" वाद बराच चालला. शेवटी ठरलं, की निखिल येणार, मॅडम त्याला शेजारी बसवून अजिंठ्याच्या पुढं घाट उतरून फर्दापूरला नेणार, आणि तोच घाट चढून परत. गाडी कुठंही तापली, अडली, तर विकायची.

मला खरंच धास्ती वाटली. मॅडमशिवाय रविवार म्हणजे नुसता पाटलांचा आवाज.

रफिकभाईनं मॅडमची गाडी घेतली. तेल, प्लग, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, सगळं बदललं. मग वॉटर पंपावर अडला. बेल्टच हा पंप फिरवतो. जुना पंप जाम झाला तर नवा बेल्टही तुटणार. आणि नवा पंप शहरात कुठंच नाही.

पाटील उठून घरी गेले. तुपाचा डबा घेऊन आले. आत, मऊ फडक्यात गुंडाळलेला कोरा पंप! स्वतःच्या गाडीसाठी कित्येक वर्षं जपलेला.

"घ्या मॅडम. पर गाडी तापली तर आधीच सांगतो, ह्या बारीला पाणी माझं नाय!"

*

ठरलेल्या रविवारी मॅडम आणि निखिल पहाटे गेले. मी, पाटील आणि रफिकभाई गॅरेजवर. रफिकभाईनं एकही गाडी उघडली नाही. पाटलांनी फोन हातात धरून ठेवला होता, पण लावायची हिंमत कुणाचीच नव्हती.

दुपारी मॅडमची लाल गाडी फाटकातून आत आली. इंजिनचा आवाज स्वच्छ होता. पण स्टिअरिंगवर निखिल होता आणि मॅडम शेजारी.

"गेली गाडी," पाटील पुटपुटले.

निखिल उतरला. रफिकभाईनं विचारलं, "तापली?"

"नाही."

"अडली?"

"नाही. घाटात अर्ध्यावर मीच म्हटलं, जरा मला दे." त्यानं बॉनेटवर हात ठेवला. चावी त्याच्या मुठीत होती. "पण ही आता आईकडं नाही ठेवायची. मी पुण्याला नेतो."

मॅडम सावकाश उतरल्या, गाडीला वळसा घालून त्याच्यासमोर आल्या आणि हात पुढं केला.

"माझ्यानंतर ने. तोवर डावीकडं बस!"