जमीन हलली की बाहेर

भूकंपानं आमच्या रुग्णालयाचं फारसं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते दुरुस्तीनं.

धक्का आला तेव्हा ओपीडीची रांग नुकतीच लागत होती. भिंतींना तडे गेले, पुरुषांच्या वॉर्डातल्या एका खांबाचं सिमेंट निखळलं. कोणाला इजा झाली नाही, पण पुन्हा हलेल म्हणून सगळे धास्तावले. काय करायचं ते सांगणारं परिपत्रक वरून आलं. ते वाचून मलाच कळेना करायचं काय, आणि मी तर इथला कार्यालय अधीक्षक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे माझ्या बापाला समजेल असं लिहायची मला सवय आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. मी लिहिलं: जमीन हलली की बाहेर. थांबायचं नाही, सामान घ्यायचं नाही. गावातल्या आशा सेविकांनी ते माडिया बोलीत गावोगाव सांगितलं.

मग ठेकेदार आला आणि त्याच्यासोबत ब्रेकर, म्हणजे सिमेंट फोडायचं विजेचं मशीन. ते सुरू झालं की अख्खी फरशी थरथरायची. पहिल्याच दिवशी वॉर्डच्या वॉर्ड अंगणात. कोणाच्या हातात स्वतःचीच सलाईनची बाटली, कोणाच्या पायाचं प्लास्टर अजून ओलं. मी ओरडतोय, "अहो, मशीन आहे मशीन!" एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुमीच तं सांगतलं सायेब, थांबाचं नाई मनून."

मशीन वेगळं आणि भूकंप वेगळा, अशी दुसरी सूचना मी लावली. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पहिली जास्त चांगली जमली होती.

या सगळ्यात भरडून निघाली ती आमची बाळंतपणाची सिस्टर. ती गोंडपिपरीकडची, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिच्या क्वार्टरलाही तडा गेला होता, पण क्वार्टर दुसऱ्या टप्प्यात, असं इंजिनिअर म्हणाले. दुसरा टप्पा कधी, हे विचारायचं नसतं. ती ड्रेसिंगच्या खोलीत गादी टाकून झोपायची आणि बदली मागते म्हणून रोज मला ऐकवायची. ती गेली असती तर बाळंतपणाची खोली बंद. मग एटापल्लीकडच्या बायांना कळा सोसत, नाले ओलांडत गडचिरोलीला पाठवायचं. म्हणून मी ठेकेदाराला तिच्यासमोर बसवून ठरवून घेतलं: आत बाळंतीण असली की ब्रेकर बंद. सिस्टर हो म्हणेल तेव्हाच सुरू.

"एकदम पक्कं साहेब," ठेकेदार म्हणाला.

त्याचं पक्कं लाईट जाईपर्यंत टिकलं. एका दुपारी लाईट गेली आणि मजूर सावलीत जाऊन बसले. तेवढ्यात एक पहिलटकरीण आली, सोबत तिची आई आणि अर्धं गाव. सिस्टरनं तिला टेबलावर घेतलं. सगळं नीट चाललं होतं. मग लाईट आली, आणि वाया गेलेला वेळ भरून काढायला मजुरांनी कोणाला न विचारता मशीन लावलं. भिंत थरथरली. ती पोरगी टेबलावरून उतरली, आईनं तिला काखेत धरलं आणि थेट बाहेर. मी मशीन बंद करवलं तोवर ती अॅम्ब्युलन्सच्या शेडमध्ये जाऊन बसली होती.

"आत चाल माय, बंद केलं मशीन," सिस्टर म्हणाली.

"घर हालते. मी नाई नेत पोरीले," आई म्हणाली.

"अवं, मी हावो ना आत!"

"मंग तू बी बाहेर ये."

 सिस्टर माझ्यावर उखडली. "पाहून काय राह्यले सर? शेडातली गाडी बाहेर काढाले सांगा! ट्रे आणा, चादरी आणा!"

बायांनी चादरी धरून आडोसा केला. मी पाठ फिरवून उभा राहिलो आणि ठेकेदाराला तोंडाला येईल ते बोललो, पण हळू आवाजात, कारण मागे बाळ येत होतं.

मुलगी झाली. मायलेकी दोघी ठीक. सिस्टर हात धुऊन सरळ माझ्या टेबलाशी आली. "मले बदली पाह्यजे. उद्या एखाद्या बाईचं रक्त नाई थांबलं, तं त्या शेडात मी काय करू?"

 मी वायरमनला बोलावलं आणि ब्रेकरची लाईन बाळंतपणाच्या खोलीतल्या बोर्डावर घेतली. सिस्टरनं बटण दाबल्याशिवाय मशीन हलणार नाही. माझ्या ऑफिसातली कपाटं व्हरांड्यात काढली आणि ती खोली तिला राहायला दिली. खोलीला आतून कडी आहे, संडास जवळ आहे.

"साहेब, म्याडमच्या मर्जीनं काम कवा संपन?" ठेकेदार कुरकुरला.

"संपन तवा संपन."

सिस्टरनं बटण एकदा चालू-बंद करून पाहिलं. "खांब होईस्तोवर राह्यतो," म्हणाली. "पुढचं तवा पाहू."

काम आता रखडलंय. वरून फोन येतात, एक खांब अजून बाकी कसा? मी व्हरांड्यातल्या टेबलावरून सांगतो, बाळंतपणं चालू आहेत साहेब. थांबली की कळवतो.