दहावी चारी

तात्या कालव्याच्या कडेनं झपाझप चालायचे आणि चालता चालता मोठ्यानं मोजायचे. "एक चिंचेची. दोन मोरीची. तीन शाळेमागची..." नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

तात्या शेळगावचे पाटकरी. कालव्याचं पाणी शेतात नेणाऱ्या बावीस चाऱ्या त्यांच्या ताब्यात. कुणाची पाळी कधी, सगळं तोंडपाठ. उभी नोकरी पायी फिरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मुलानं, संजयनं, त्यांना जळोचीला आमच्या शेजारी आणलं आणि प्रेमानं खुर्चीत बसवलं. चहा जागेवर, पेपर जागेवर. दहा-बारा वर्षं अशी बसण्यात गेली, आणि तात्या सुनेचं नाव चुकायला लागले, कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना वाट चुकायला लागले.

मग एका दुपारी कहर झाला. तात्यांनी सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून सगळं पाणी शेवटच्या घराकडं सोडलं. त्या घराच्या अंगणात तळं आणि आम्ही बाकीचे कोरडे ठणठणीत! संजय ओरडला, तर हे शांतपणे म्हणाले, "टेलची पाळी हाय. आधी टेलला पाणी, मग हेडवाल्यांनी घ्यायचं." हेड म्हणजे कालव्याची सुरुवात, टेल म्हणजे शेवटचं टोक. मला हसू आवरेना. संजयच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

डॉक्टर म्हणाले, "रोज जोरात चालवा. दम लागला पाहिजे, पण बोलणं तुटता कामा नये. हृदय जोरात चाललं की मेंदूकडं रक्त जास्त जातं. या वयातही आठवण, लक्ष सुधारू शकतं. जादू मात्र समजू नका." संजय सकाळी कारखान्यात, म्हणून तात्या माझ्या गळ्यात. मी निवृत्त गणिताची बाई, साखर वाढलेली. संजयनं बजावलं, "बाई, काय ते खरं सांगा. सुधारणा दिसली नाही तर मी गेटला कुलूप घालणार. हरवले तर कुठं शोधू?"

तात्यांना डॉक्टरांचं म्हणणं माझ्याआधी कळलं. "बाई, माणसाचं डोकं टेलला हाय. हेड पायात. पायांनी रेटा दिला तरच टेलला पाणी पोचतं." दम किती लागतोय हे बघायला शेळगावच्या चाऱ्या आठवून मोठ्यानं मोजायची युक्तीही त्यांचीच. पहिल्या आठवड्यात चौथ्या चारीलाच अडकले आणि कपाळाला हात लावून बांधावर बसले. मग हळूहळू पाय उचलायला लागले. दिवाळीपर्यंत सहा, संक्रांतीला नऊ, आणि एके दिवशी थेट बावीस! त्याच आठवड्यात घरी म्हणाले, "सुनंदा, पाणी दे गं." सुनंदा पाणी द्यायचं विसरून नुसती बघत राहिली. मी शाळेत हुशार पोरं पुष्कळ पाहिली, पण सत्तरी ओलांडलेलं डोकं असं पुन्हा उघडताना पाहिलं नव्हतं. अक्षरशः थक्क झाले.

फक्त एक खोट राहिली. नऊनंतर तात्या थेट अकरावर जायचे.

"तात्या, दहा?"

"दहा न्हाय, बाई."

"आठवा की."

"न्हाय ओ. दहा न्हाय." असं म्हणायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

नऊनंतर अकरा गणिताची बाई कशी सोडेल? संजयनं विचारलं तेव्हा आधी चूक दाखवायची माझी खोड आडवी आली. म्हटलं, "एक चारी कायमची गेलीय." तो घाबरला. "उद्या रस्त्यात असंच काही निसटलं तर? सोमवारपासून फिरणं बंद."

तात्या दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. संजय सगळीकडं शोधून आला, येताना नवं कुलूप घेऊन. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाराच्या सुमाराला तात्या एसटी स्टँडकडून ताठ चालत आले, सदरा घामानं भिजलेला. "ह्या नंबरला फोन लाव," म्हणत संजयला चिठ्ठी दिली. पलीकडं शेळगावचा सध्याचा पाटकरी. "तात्यांचं बरोबर हाय. दहावी चारी रस्त्याच्या कामात बुजवली, तात्या नोकरीत असतानाच. नऊनंतर अकराच हाय."

कपाळ माझं! 'दहा न्हाय' म्हणजे दहा आठवत नाही, असं मी समजत होते. ते सांगत होते, दहा नाहीच.

"मग तात्या, ठासून का नाही सांगितलंत?"

"तुमी शिकल्याल्या बाई. तुमी इचारलं की वाटायचं, माझंच चुकतंय. म्हणून डोळ्यांनी बगून आलो."

घरची वाट चुकणारा माणूस एसटी बदलून शेळगावला जाऊन आला होता. मी त्यांच्या पाया पडले. त्या कुलपाचं काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं. "त्या व्हॉल्व्हला लाव. माझा काय भरवसा?"

पुढं चार वर्षं आम्ही रोज चाललो. गेल्या हिवाळ्यात तात्या झोपेतच गेले. आदल्या सकाळी बावीसपर्यंत सगळ्या म्हणून दाखवल्या होत्या.

आता मी एकटीच निघते. दम लागेपर्यंत चालते आणि मोठ्यानं त्यांच्या चाऱ्या म्हणते. परवा मागून येणाऱ्या एका बाईंनी टोकलं, "अहो, दहा राहिलं की!"

"दहा न्हाय," मी म्हटलं आणि पाय उचलला.