झाडे सरांचा तिसरा दिवा

काल झाडे सरांच्या तिरडीला चौथा खांदा मिळेना.

मी दिला.

"बाई, तुमाले जमन का?" शेजारच्या काकांनी विचारलं.

मी पदर खोचला आणि उचलली.
सर फार हलके झाले होते.

जुन्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेले इमोजी भरपूर आले. माणसं आली नाहीत.

सर शाळेत पीटीचे टीचर. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नव्वदच्या दशकात वर्ध्यात ज्याला वजनं उचलायची हौस, तो सरांच्या टिनाच्या शेडमध्ये यायचा. फी नव्हतीच.

मी माया, बोरगाव मेघेच्या किराणावाल्याची पोरगी. दुकानात तांदळाचं पोतं एकटी उचलताना सरांनी मला पाहिलं.

"शेठ, पोरीले माह्याकडं पाठवा."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पाठवलं.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठक, बेंच प्रेस म्हणजे आडवं पडून वर ढकलणं, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं. तिन्हींची बेरीज जिची जास्त, ती पुढे.

तीन-चार वर्षांनी परदेशातल्या स्पर्धेसाठी भारताची टीम निवडायची ट्रायल आली. माझ्या वजनगटात एकच जागा होती.
आणि निवड समितीत आमचे सर! पंचाच्या खुर्चीतही तेच बसणार. तेव्हा हे चालायचं.

"सर हाएत ना कमिटीत, मंग काऊन घाबरते?" जो तो हेच म्हणायचा.

ट्रायलमध्ये शेवटपर्यंत मी आणि पंजाबची एक मुलगी. माझी शेवटची डेडलिफ्ट बाकी होती. ती मान्य झाली की मी टीममध्ये.

उचलली. वर आणली. उभी राहिले.

तीन पंचांचे तीन दिवे असतात. दोन पांढरे लागले की पास.

एक पांढरा लागला.
एक लाल.

तिसरा दिवा सरांचा.

लाल.

परतताना जनरलच्या डब्यात आम्ही समोरासमोर बसलो होतो. रडून रडून मला झोप लागली.

वर्धा स्टेशनवर बाबा हार घेऊन उभे. मागे शेडमधली सगळी पोरं. सर आधी उतरले आणि सरळ बाबांसमोर गेले.

"पोरगी टीममंदी नाई, शेठ. तिसरा दिवा माहा होता. मी लाल देल्ला."

दिवा कुणाचा ते सरांनी सांगितलं नसतं, तर वर्ध्यात कुणाला कळलंही नसतं.

बाबांचा हार धरलेला हात खाली आला. "आपल्याच पोरीले पाडलं, सर?"

"गुडघे लॉक नोते झाले. पुरे सीधे नोते."

बाबांनी हार तसाच पिशवीत कोंबला.

मग शेड रिकामी व्हायला लागली. 'जो आपल्याच पोरीले पाडते, तो आपल्याले काय नेईन' म्हणत एक एक करत पोरं गावात निघालेल्या नव्या जिममध्ये गेली. सेलूहून एसटीने येणारीही बंद झाली. ज्यांना सरांनी स्वतःच्या पैशाने केळी-अंडी खाऊ घातली, ते बाजारात समोर आले की रस्ता बदलायचे.

मी राहिले.
मोठेपणा नाही हो. नव्या जिममध्ये मुलींना घेतच नव्हते.

राग तर होताच. बाबांना न विचारता जायचे, आणि सरांशी बोलायचे नाही. स्क्वॉट मारताना सांभाळायला मागे एक आणि बाजूंना दोन माणसं लागतात. आमच्याकडे एकच. सर डावीकडे प्लेट चढवायचे, मग उजवीकडे, मग फिरून माझ्या मागे येऊन उभे राहायचे.

"खाली. अजून. ऊठ."

अख्ख्या सकाळचं बोलणं एवढंच.

एकदा मीच न राहवून विचारलं, "सर, पोरं येत नाहीत. तुम्हाला एकटं वाटत नाही?"

सर वजनांचा बार पुसत होते. "वाटते," म्हणाले.
आणि पुसत राहिले.

पुढच्या ट्रायलआधी त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला.

"काऊन सर?"

"मी तिथं बसलो अन् तू निवडली गेली, तं लोक म्हणतीन सरानं घेतलं. तुले कोनाची मेहरबानी नको."

त्या वर्षी मी निवडले गेले. सरांशिवाय. सोबत कोच म्हणून सरांना पाठवा, असं मी सांगून पाहिलं. कुणी मनावर घेतलं नाही.

परदेशात बारखाली शिरले तेव्हा मागे अनोळखी माणसं होती. "ऊठ" म्हणणारं कुणी नव्हतं. मीच मनात म्हटलं.

हॉटेलमधून शेडजवळच्या पीसीओवर फोन लावला. पीसीओवाल्या काकांनी सरांना हाक मारून आणलं.

"कितवी?"
"चौथी, सर."
"लाल दिवे?"
"एक. बेंचला."
"बराबर असन," सर म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही.

वर्ध्यात सत्कार झाला. शेड सोडून गेलेली पोरंच मला खांद्यावर घेऊन नाचली. बाबांनी भाषण केलं. सरांचं नाव कुणी घेतलं नाही, आणि सर आलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर शेड उघडी.

"आली? वॉर्म-अप कर."

मग रेल्वेत नोकरी लागली. नागपूर, लग्न, मुलं. सर रिटायर झाले, शेड बंद झाली. मी दर दिवाळीला जायचे. चहा ते स्वतः करायचे. कपाटात कप दोनच.

मागच्या दिवाळीला विचारलंच. "सर, त्या दिवशीचा तो दिवा..."

सरांनी कप खाली ठेवला.

"बाई, तुले गाडीत झोप लागली. मी वर्ध्यापावतर तोच गुडघा डोळ्यासमोर आनून पाहून राह्यलो होतो. लई वाटलं, लॉक झाला असता तं बरं झालं असतं."

कप परत उचलला.

"पन नोता झाला."

आज सकाळी नागपूरची गाडी पकडायच्या आधी शेडवर गेले. आत आता कुणाची तरी सिमेंटची पोती आहेत. दाराला कुलूप. जरा वेळ उभी राहिले. निघताना "येते" म्हणायला तोंड उघडलं, तर समोर कुणीच नाही.

सर, येते मी.
तुमीबी सुखानं जाजा.

भरल्या मनाने शेवटचा नमस्कार.

तुमची माया