चारशे बारावर कल्हई

आमच्या घरात जमीनजुमला नव्हता. वडिलोपार्जित असा एक संशय तेवढा होता. दूधवाला गेला की वडील दुधात बोट बुडवून बघायचे, आणि वडिलांनी आधी बोट धुतलं होतं की नाही ते आई बघायची. मुलुंडचे माझे मामा या बाबतीत सगळ्यांचे गुरू. मस्कतची नोकरी सोडून परत येताना त्यांनी व्हीसीआर आणला होता. त्याच्यावर मामीनं विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, आणि फुलदाणीचं तोंड सकाळी कुठल्या दिशेला होतं ते मामांच्या डोक्यात. संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी ते फुलदाणीकडे बघत. अशा घराण्यातल्या मुलाच्या हातात कॉलेजनं व्हिडिओ कॅसेट द्यायला नको होती. पण दिली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटशेवटची. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजला एका माजी विद्यार्थ्यानं परदेशातून व्हिडिओ कॅमेरा आणून दिला होता. तो फिजिक्सच्या लॅबमधल्या कपाटात असे आणि सही केल्याशिवाय बाहेर येत नसे. स्नेहसंमेलनासाठी दोघादोघांनी मिळून पंधरा मिनिटांची फिल्म करायची, असं सरांनी ठरवलं. जोड्या चिठ्ठ्या टाकून. माझ्या चिठ्ठीत विक्रोळीची एक मुलगी निघाली. तिचे वडील आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते तिकडच्याच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले. ती कमी बोलायची आणि भरभर चालायची.

दिग्दर्शक मी, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं.

"हो ना, तूच," ती म्हणाली. "कॅमेरा कुठाय?"

विषय घेतला रस्त्यावर बसून काम करणाऱ्यांचा. सुऱ्यांना धार लावणारा झाला, छत्रीवाला झाला, आणि शेवटी आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी कल्हईवाला आला. आईनं त्याला चार पातेली दिली. देण्याआधी प्रत्येक पातेल्याच्या तळाचे पोचे बघून घेतले, बदलली तर ओळखता यावीत म्हणून. ही मुलगी भट्टीसमोर उकिडवी बसली आणि कॅमेरा डोळ्याला लावून तशीच राहिली. त्यानं भाता मारला, पातेलं लालसर तापवलं, नवसागर टाकला. पांढरा धूर निघाला. मग कथलाची कांडी टेकवून त्यानं कापसाचा बोळा एकदाच गोल फिरवला आणि काळवंडलेलं पातेलं आतून बघता बघता चांदीसारखं झालं. एवढा वेळ तिचा हात हलला नाही. दिग्दर्शक त्या वेळी धुरात खोकत होता.

ते सगळं जेमतेम मिनिटभराचं. लगेच बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी कल्हईवाला गावाला निघून गेला, तो आता दिवाळीनंतरच येणार होता. म्हणजे आमच्या फिल्मचा जीव त्या कॅसेटवर घेतलेल्या शेवटच्या मिनिटात होता.

मी कॅसेट मामांकडे नेली. मामा खुर्ची ओढून शेजारीच बसले. मी व्हीसीआर फोडून खाईन, असं त्यांना वाटत असावं. यंत्रावर आकडे पळायचे. कुठलं दृश्य कुठल्या आकड्यावर ते मी वहीत उतरवून घेतलं, आणि शेवटी लिहिलं : कल्हई, चारशे बारा. खाली दोन रेघा मारल्या.

नंतर तिनं कॅसेट मागितली. "दोन दिवस दे. मला नीट बघायचीय."

"काय बघायचंय? वहीत आहे सगळं."

"तुझ्या वहीत आहे. माझ्या डोक्यात नाही ना."

दिली मी. पण का मागितली असेल, हा प्रश्न मी स्वतःकडे ठेवून घेतला.

ती कॅसेट बघणार होती स्टेशनजवळच्या एका व्हिडिओच्या दुकानात. दुकानवाले काका लग्नांचं शूटिंग करायचे. त्यांची एक अडचण होती. हळदीला पुरुष कॅमेरा घेऊन आत गेला की बायका तोंडावर पदर ओढत आणि नवरी पाटासारखी ताठ बसे. त्यामुळे काकांच्या सगळ्या हळदींमध्ये मुख्य भूमिका वाटीची असे. म्हणून त्यांना एक मुलगी तयार करायची होती. ही दोन महिने कॉलेज सुटल्यावर तिथे जात होती, वायरी जोडायला शिकत होती, कॅसेटींवर लेबलं लावत होती. येत्या रविवारी भांडुपला एक हळद होती. ती तिनं एकटीनं घ्यायची, आणि जमली तर कायमची नोकरी, असं काकांनी सांगितलं होतं. नोकरी लागली तर तिचं शेवटचं वर्ष पुरं होणार होतं. नाही तर वडिलांनी तिच्यासाठी कारखान्यात पॅकिंगला शब्द टाकून ठेवला होता. हे तिनं मला छत्रीवाल्याची वाट बघताना एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून.

आमची फिल्म जोडायलाही काकांनीच परवानगी दिली. दुपारी ते जेवायला जात, तेवढा एक तास. जोडायचं म्हणजे काय, तर दोन व्हीसीआर वायरनं जोडायचे, एकावर आपली कॅसेट लावायची आणि हवा तेवढाच भाग दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा. बटण अर्धा सेकंद उशिरा दाबलं की जोडावर चित्र उड्या मारतं. माझी मुलगी आज हे काम फोनवर अंगठ्यानं करते, तेही जेवताना. आम्हाला दोन माणसं आणि चार हात लागायचे.

त्या गुरुवारी तिचं प्रॅक्टिकल लांबलं. कॅसेट तिनं सकाळीच काकांच्या टेबलावर ठेवली होती. काका डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. मी म्हटलं, आपण दिग्दर्शक आहोत, सुरुवात करू. फिल्मची सुरुवात कल्हईनंच करायची, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. सरळ चारशे बारावर कॅसेट पळवली आणि बटण दाबलं.

पडद्यावर मुंग्या.

मागे नेली, तीनशे ऐंशीपर्यंत. मुंग्या. पुढे नेली, तर तिथेही मुंग्याच.

मग घराण्याचं रक्त कामाला लागलं. तिनं कॅसेट दोन दिवस का मागितली? मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती, शेजारच्या एका साखरपुड्यात मी सराव केला. सरावाला कॅसेट कुठून आणली? काका तर कोऱ्या कॅसेटी कुलपात ठेवतात. तिला माझी वही का नको होती? एकेक गोष्ट अशी जाऊन दुसरीला चिकटत गेली की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायला लागलं. साखरपुडा कॅसेट देण्याच्या आधी झाला होता की नंतर, एवढं आठवून बघायचं मात्र सुचलं नाही.

काका हात पुसत बाहेर आले. "काय रे, तोंड का पडलंय?"

ती दहा मिनिटांत येणार होती. तिलाच विचारता आलं असतं. मी काकांना सांगितलं, "तिनं आमच्या कॅसेटवर काहीतरी घेऊन पुसलंय वाटतं. शेवटचा भाग गेलाय."

"वाटतं की गेलाय?"

"गेलाय."

लोकांचे मुहूर्त सांभाळायचा काकांचा धंदा. एकदा त्यांच्याकडच्या माणसानं कुणाच्या तरी पाठवणीवर क्रिकेटची मॅच उतरवून घेतली होती. त्यानंतर नवरीच्या वडिलांसमोर मान खाली घालून बसावं लागलं, ते काकाच सगळ्यांना सांगत. ती धापा टाकत आली तेव्हा त्यांनी तिला बसही म्हटलं नाही.

"रविवारी येऊ नकोस."

"का, काका?"

"कॅसेट पुसणारं माणूस मला चालत नाही. याला विचार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वायरींची पाहणी करत होतो. तिनं कॅसेट बाहेर काढली, पर्समध्ये टाकली आणि निघून गेली.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर ती फाटकापाशी उभी होती. "चल, मुलुंडला."

"कशाला?"

"तुझ्या मामांकडे. जिथे बघितलीस तिथेच बघ."

मामांनी दार अर्धं उघडलं, आधी तिला आपादमस्तक पाहिलं आणि मग मला. "ही कोण?"

"प्रोजेक्ट आहे, मामा."

"आतापर्यंत प्रोजेक्ट एकटाच यायचा," मामा म्हणाले. पण आत घेतलं. फुलदाणी त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली.

मी कॅसेट लावली, चारशे बारावर नेली. धूर निघाला, बोळा फिरला, पातेलं पांढरंशुभ्र झालं. मागे कुणीतरी खोकत होतं.

"हा खोकला तुझाच," मामा म्हणाले. "सुंठ घे जरा."

मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिला विचार काय आला, ते आज सांगायला हरकत नाही. ही कॅसेट दुसरी तर नसेल? मी लेबल बघायला हात पुढे केला. तिनं ते बरोबर ओळखलं.

"मेल्या, तुझंच अक्षर आहे त्याच्यावर."

"मग दुकानात मुंग्या कशा?"

"आकडा लावून बघितलीस ना? कुठल्या मशीनचा आकडा?"

"इथलाच. मामांच्या."

तिनं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "हा आकडा म्हणजे मिनिटं नाहीत रे. आतली चक्री फिरते ती मोजतो तो. प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी. काकांचं मशीन हळू मोजतं. त्यावर चारशे बारा येईपर्यंत तू कल्हई ओलांडून कोऱ्या टेपवर गेलास. तिथे मुंग्याच असणार ना." तिनं पर्समधून एक डायरी काढली. सगळी दृश्यं मिनिटं-सेकंदांत लिहिलेली होती. "कॅसेट दोन दिवस कशाला मागितली वाटलं तुला? मनगटावरचं घड्याळ लावून लिहीत बसले होते. कल्हई सतराव्या मिनिटाला आहे, कुठल्याही मशीनवर लाव."

मामांचा यावर विश्वास बसला नाही, त्यांचा कशावरच बसत नसे. त्यांनी कॅसेट पूर्ण मागे घ्यायला लावली, हातात घड्याळ घेतलं, आणि आम्ही तिघं गप्प बसून सतरा मिनिटं सुऱ्या आणि छत्र्या बघितल्या. सतराव्या मिनिटाला धूर निघाला.

"पोरगी खरं बोलतेय," मामांनी निकाल दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यात तपासण्यासारखं एवढं एकच होतं. नेमकं तेच तपासलं नाहीस."

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "मी काकांना सांगतो."

"सांगशीलच. उद्या. मी पायरीवर थांबेन, आत तू जायचं. आणि कॅसेट माझ्याकडे राहणार."

शनिवारी मी दुकानात गेलो. शाळेतल्या कविता मी याहून चांगल्या म्हटल्या असतील.

"गुरुवारी म्हणालास पुसली," काका म्हणाले. "आज म्हणतोस नाही पुसली. तुझं-तिचं काय आहे?"

"काही नाही."

"मग घाम का सुटलाय?"

मी मामांच्या व्हीसीआरपासून सगळं सांगितलं. फुलदाणीही सांगितली, गरज नसताना. काकांनी चष्मा काढला.

"दुसऱ्या मशीनचा आकडा घेऊन माझ्या मशीनवर बसलास?"

"मला माहीत नव्हतं, काका."

"एवढं साधं तुला माहीत नव्हतं. पण ती कॅसेट पुसते, हे माहीत होतं."

काकांनी स्वतः दारापर्यंत जाऊन तिला आत बोलावलं. तिनं कॅसेट लावली आणि आकड्याकडे न बघता कल्हई शोधून दिली. काकांनी ती दोनदा बघितली. पडद्यावर मीही खोकलो, दोनदा.

"मीही लावून बघायला हवी होती," ते पुटपुटले. हे तिला होतं की स्वतःला, कळलं नाही. मग मोठ्यानं म्हणाले, "उद्या सकाळी आठला ये. पण सोमवारी मी पूर्ण कॅसेट बघणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"बघा," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी आमच्या फिल्मसाठी मी दुकानात पोचलो, तेव्हा काका डबा न उघडता टीव्हीसमोर बसले होते. ती मागे उभी होती. कॅसेट त्यांनी एकदाही पळवली नाही. अख्खी हळद बघितली. बायका कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या, एका म्हातारीनं हळदीचं बोट थेट काचेलाच लावलं. नवरी कुणाच्या तरी बोलण्यावर इतकी हसली की तिच्या मावशीला तिचं डोकं धरावं लागलं. वाटी एकदाच दिसली. काका मध्येच पुढे वाकत, कुठे काही चुकलंय का बघत, आणि परत मागे टेकत. मी स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, फक्त ओढणीचं टोक तिनं बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

कॅसेट संपली. काकांनी ती बाहेर काढली, लेबलावर दोन्ही घरांची आडनावं लिहिली आणि कमरेची किल्ली सोडून कॅसेटबरोबर तिच्या हातात दिली.

"गिऱ्हाइकांच्या कपाटात ठेव. मी चहा घेऊन येतो."

ते गेले. मी काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून उठलो. तिनं कपाटाच्या कुलपाला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तू जरा बाहेर थांब," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन थांबलो.