डोमाभाऊचे पाहुणे

आमच्या गावात धान निसवला की डुकराले डुक्कर म्हणत नाईत, पाहुणे म्हणतात. वावरात नाव घेतलं तं ते ऐकते आन् येते, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. नाव न घेता बी येतेच ना बाप्पा! पण डोमाभाऊसमोर डुक्कर म्हणायची सोय नव्हती. डोळे वटारे.

डोमाभाऊ माझा शेजारी. धानोऱ्याकडच्या आमच्या या गावात डुकराची चाल त्याच्याइतकी कोणाले समजे नाई. कळपातली म्हातारी मादी पुढं येते, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर थांबून वास घेते. तिनं हुं केलं की मागून पिल्लं, मंग बाकी सारे. सकाळी पाहावं तं धानाची बांधी नांगरल्यासारखी उलथलेली. एका सालात भाऊनं सुळ्याच्या नराले भाला मारला. जखमी नर पळाला नाई, सरळ अंगावर आला, मांडी फाडून गेला. तेव्हापासून भाऊनं भाला टाकला आन् तार घेतली. गुडघ्याएवढ्या खुंट्यांवर बारीक तार, तिच्यात मोटारीच्या लाइनचा करंट.

गुन्हा आहे, माणूस मरते, हे साऱ्यांले माहीत. मी किती डोस्कं खाल्लं त्याचं! "चूप बस वं प्रेमिला. घरचे सारे घरात आल्याबिगर मी खटका दाबत नाई," म्हणे. आन् खरंच दाबत नव्हता.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्याची पोरगी आचल, तिले पाहाले आरमोरीहून लोक येणार होते. दुसऱ्या दिवशी येणार, ते आदल्या दिवशीच आले! भाऊची बायको सुकरी हरिकून गेली. मी कपबशा घेऊन तिच्याच चुलीपाशी होती. घर वावराले लागून, भाऊ त्या टोकाले मोटारीच्या खोलीत. सुकरीनं फोन लावला.

"पाहुणे आले जी! धुऱ्यापाशी पोचले."

"आत्ता? दिवसाउजेडी? किती हायेत?"

"पाच-सहा."

"हलू नको तिथून. मी पाहतो."

फोन कटला. सुकरी हासत सुटली. "हलू नको म्हणते! आन् स्वतः मळक्या बनियनवर येईन. प्रेमिला, चहा पाहाय वं." तिनं दोरीवरचा धुतलेला सदरा ओढला आन् मागच्या दारानं वावरात उतरली.

मी चहात साखर टाकली. चहा उतू गेला नाई, मी वेळेवर उतरवला. हेच मले काऊन आठवत राहते, कोण जाणे.

सुकरी तारेवर पडली होती. सदरा हातातच होता. पाहायले आलेल्या लोकांनीच बाज आणली, त्यांनीच तिले घरी आणलं. भाऊ मागून चालत आला. बनियनवरच.

पोलिसांनी विचारलं, दिवसा तार काऊन चालू केली? "पाहुणे आले म्हणून," एवढंच म्हणे. त्यांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच. त्यांले काई समजलं नाई. गावाले समजलं.

केस चालू आहे, जमानत झाली. भाऊ वाढलं तं जेवते, नाई वाढलं तं मागत नाई. तार नाई, डबा वाजवणं नाई, हाकारा नाई. डुकरं येतात. म्हातारी मादी धुऱ्यावर उभी राहते, भाऊ आंगणातून तिच्याकडं पाहत राहते. मले असा राग येते! रड ना गा एकदा! माझे डोळे सुजले, याच्या डोळ्यात थेंब नाई.

यंदा उन्हाळ्यात आचलले पाहाले दुसरे लोक आले. भाऊ आत पंख्याखाली बसला होता, मी बाजूले पोहे निवडत. आचल दारात आली.

"बाबा, पाहुणे आले."

भाऊ उठला. बाहेर जाईन वाटलं, तो भिंतीकडं गेला. मेन खटका खाली पाडला. पंखा फिरत फिरत थांबला. त्यानं एकदा बोर्डाकडं पाहिलं, एकदा पोरीकडं.

मंग दारात जाऊन हात जोडले. "या," म्हणे.