किहेईची फुली

काराइवाची खिंड ओलांडायला धट्टाकट्टा माणूस सकाळी निघाला, तर दुपारचा भात पलीकडच्या गावात खाईल. मध्ये राखेचा चढ, माथ्यावर वाफा सोडणारा मोठा खळगा, आणि खळग्याच्या दक्षिणेला थोडं उतरलं की मासुयोचं विश्रामघर. नवरा तोराकिची गेल्यावर विधवा बाई डोंगरावर एकटी राहते म्हणून खालच्या गावात लोकांच्या जिभा बऱ्याच वळवळल्या. मासुयोने कुणाला भीक घातली नाही. तांदूळ, सारासाठी मिसो, सरपण स्वतःच्या पाठीवर वाहून आणायची. दमून आलेल्याला ‘आता थोडंच राहिलंय’ असं खोटं तिने कधी सांगितलं नाही, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं रुसलीसुद्धा.

आमच्याकडे वाट खडकांवर रंगवलेली असते. पांढरा गोल म्हणजे जा, फुली म्हणजे मागे फीर. खळग्यात विषारी वायू साचतो. कधी साचतो, कधी नाही. धुकं उतरलं की शहाणा आणि अडाणी सारखेच आंधळे, मग जो तो खडकावरच्या खुणेवर जीव टाकतो. फुलीचा नियम एकच: ज्याने काढली, त्यानेच पुसायची. तोराकिचीच्या तरुणपणी एकाने गिऱ्हाइकांच्या तगाद्याला कंटाळून दुसऱ्याची फुली पुसली होती, आणि दोन माणसं खळग्यात निजल्यासारखी सापडली. तेव्हापासून आमच्यात दुसऱ्याच्या फुलीला कुणी हात लावत नाही.

हा नियम मासुयोने किहेईला शिकवला. किहेई आला तेव्हा ओझी वाहणारा भुकेकंगाल गडी होता, बूट फाटलेले, बोलणं गोड. तोराकिचीने त्याला ठेवून घेतलं. तोराकिची गेला, तेव्हा त्याला पाठीवर बांधून खाली आणणारा किहेईच होता. त्या दिवसापासून मासुयो त्याला पाठचा भाऊ मानत आली, नवऱ्याचा कुंचलासुद्धा तिने त्यालाच दिला. दर वर्षी बर्फ वितळलं की तो उत्तरेकडून आणि ती दक्षिणेकडून जुन्या खुणांना रंग देत चढायची. खळग्याच्या काठावर दोघं भेटायची, भाताचे गोळे खायची, आणि किहेई तिच्या लोणच्याला नावं ठेवत सगळं लोणचं संपवायचा.

यंदा ती काठावर पोचली तर तिच्या बाजूच्या शेवटच्या खडकावर फुली होती. कुंचला खालून वर ओढायची किहेईची सवय तिला पाठ होती. वायू सुटला असेल, असं समजून ती वाऱ्याच्या बाजूला दूर जाऊन बसली. किहेई आला नाही. तिला वाटलं, तोच कुठे पडलाबिडला तर नाही ना? अंधारेपर्यंत वाट पाहून ती भाताचे गोळे तसेच बांधून उतरली.

मग दिवस जात राहिले. कसला वास नाही, की काही नाही. खळग्यातून कोल्हा नाक जमिनीला लावून आरामात येजा करी. माणूस मात्र येईना. शेवटी खालून सामान घेऊन आलेल्या एका हमालाने जड जिभेने सांगितलं, की उत्तरेकडून नवी वाट निघाली आहे. खळग्याच्या अलीकडेच वळते आणि तळ्याकाठी किहेईच्या जावयाच्या गरम पाण्याच्या खानावळीशी उतरते. गोल किहेईनेच रंगवले आहेत, आणि खळग्याच्या उत्तर काठावरही त्याचीच फुली आहे.

मासुयो किहेईला भेटायला निघाली. खळग्यातून गेली असती तर दुपारपर्यंत पोचली असती. पण फुली होती. ती आपल्या बाजूने खाली उतरली, दोन बस बदलून डोंगराला वळसा घालून संध्याकाळी तिथे पोचली.

किहेईने लगबगीने चहा आणला. म्हणाला, "ताई, एवढ्या लांबून? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"कुठून आला असतास? वाटेवर फुली आहे."

किहेईने जावयाचं रडगाणं लावलं. खानावळ ओस पडली होती, लेक रोज रडत होती, हल्लीच्या लोकांना डोंगरापेक्षा आंघोळच हवी असते. मासुयोने सगळं ऐकून घेतलं.

"दोन्ही काठांवर फुली तुझ्याच हातची आहे," ती म्हणाली. "एका काठावरून दुसऱ्या काठावर कसा गेलास?"

"श्वास रोखून धावलो, ताई."

खळगा ओलांडायला भरल्या जेवणाइतका वेळ लागतो. मासुयोला हसू आलं, मग तिचीच तिला लाज वाटली.

"लेकीचं मला सांगू नकोस. तिचं वाईट मलाही वाटतं. एवढंच सांग, वास आला होता?"

"डोंगराचा काय भरवसा?"

"डोंगराचं नाही विचारलं मी."

किहेईने मान वर केली आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आला होता."

नव्हता आला, चुकलो, म्हणाला असता तर ती त्याला वाट्टेल ते बोलली असती, रडली असती आणि बहुधा माफही केलं असतं. पण ज्याला पोटाशी धरलं, त्याने केसाने गळा कापला, आणि वर तिच्याच नियमाची शपथ घेतल्यासारखं बोलला. चहा तसाच टाकून ती उठली. परतीच्या बसमध्ये ती तोंडाला रुमाल लावून बसली होती, हे आमच्या गावातल्याच बाईने पाहिलं.

पानं लाल झाली तेव्हा दक्षिणेकडून पाच जण चढून आले. शेवया खाल्ल्या. त्यांतली एक तरुणी म्हणाली, की फुली खोटी आहे असं खाली सगळे बोलतात. आम्ही जाऊ का पलीकडे?

त्या वर्षी प्रथमच तिच्या ओट्यावर पाच माणसं बसली होती. ते पाच जण धडधाकट पलीकडे गेले असते, तर दुसऱ्या दिवशी दहा आली असती. आभाळ स्वच्छ होतं, वारा चांगला होता, आणि खळग्यात काही नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ज्याने फुली काढली, तो म्हणतो वास आला होता."

"तुमचा विश्वास बसतो?"

"त्याच्यावर? काडीचा नाही. परत फिरा."

ती मंडळी हिरमुसली. रात्रीचा मुक्काम पलीकडच्या गावात ठरला होता. आता काय करावं, असं आपापसात कुजबुजू लागली. मासुयोने त्यांची भांडी उचलली आणि खालची बस कुठे मिळते ते नीट समजावून दिलं.

"तळ्याकाठी उतरा," ती म्हणाली. "तिथे एक खानावळ आहे. पाणी गरम असतं. किहेई म्हणून एक जण भेटेल, त्याला सांगा, फुलीवरून परत आलो."