ज्या दिवशी

यशवंतपूर स्टेशनबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थांना मी एकदाच भेटलो. नव्वदचं दशक होतं. पुण्याहून या कानडी मुलखात नोकरीसाठी येऊन मला वर्षही झालं नव्हतं. वडील वारले होते, आणि आईच्या पेन्शनचा इंग्रजी अर्ज टाइप करून हवा होता.

माझा कच्चा मजकूर वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"'द डे व्हिच माय फादर डाइड'. हे चुकलंय बघा," ते बेळगावकडच्या मराठीत म्हणाले. "मराठीत 'जो दिवस वडील गेले' म्हणता काय?"

"नाही."

"मग कसं म्हणता?"

"ज्या दिवशी वडील गेले..." मी म्हणालो, आणि पुढे बोलवेना. ऑफिसात सगळ्यांना इंग्रजीत सांगून झालं होतं. घरी, मराठीत, सांगायची वेळच आली नव्हती. फोन तिकडूनच आला होता.

त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा. स्वल्प वेळ जाऊ दे."

मी डोळे पुसेपर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले. मग कागद चढवून सावकाश टाइप करू लागले. 'व्हेन' उमटल्यावर त्यांचे हात थांबले.

"पुढे जाऊ काय?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.